रॉकेट नीट उडतं, पण गवत पेटतं: सोलापूरच्या कोरड्या रानातली अडचण

तक्रार एकच, आणि संक्रांत सरली की ती दर वर्षी येते. रॉकेट सुरेख वर जातं, पॅराशूट उघडतं, पोरं टाळ्या पिटतात आणि तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडतं, "ओ सर, तिकडं धूर निघालाय बघा!"

मी सोलापुरात शाळकरी पोरांच्या एका छोट्या गटाबरोबर मॉडेल रॉकेटं उडवतो. पुठ्ठ्याची नळी, बाल्सा लाकडाचे पंख, प्लॅस्टिकचं नाक आणि पोटात बोटाएवढी, दारू भरलेली तयार मोटर. पाऊस उघडल्यापासून दिवाळीपर्यंत काही त्रास नसतो, गवत हिरवं असतं, जमिनीत ओल असते. मग सिद्धेश्वरांच्या यात्रेत शोभेचं दारूकाम बघून पोरांना चेव चढतो आणि नेमकं त्याच सुमारास माळावरचं गवत सोनेरी होतं. दिसायला झकास, पण पायाखाली कुरकुरायला लागलं की समजावं, ठिणगीचीच वाट बघतंय.

पहिले दोन हंगाम आम्ही एकच उपाय केला: पॅडखाली, म्हणजे रॉकेट ज्या तिपाईच्या रॉडवरून उडतं तिच्याखाली, पाणी. एक वीस लिटरचा कॅन पॅडभोवती ओतायचा आणि बटण दाबायचं. पॅडखालचं गवत कधीच पेटलं नाही. तरी आग लागायची थांबली नाही. आपण कुठं ओततोय आणि ती लागतेय कुठं, हे कुणी बघितलंच नव्हतं. मग आम्ही वहीत प्रत्येक धुराची जागा लिहायला सुरुवात केली. पॅडपासून किती पावलं, वारा कुठून कुठं, उड्डाणानंतर किती वेळानं. चार-पाच शनिवारांतच चित्र उघड झालं. धूर पॅडखालून निघतच नव्हता. तो निघायचा वाऱ्याच्या उताराला तीन-चार पावलांवर, किंवा रॉकेट जिथं पडलं तिथं, किंवा आम्ही घरी जायला निघाल्यावर. या तिन्ही आगी वेगळ्या, त्यांची कारणं वेगळी, आणि पॅडखालच्या पाण्याचा तिघींनाही काही उपयोग नाही.

पॅडपासून तीन-चार पावलांवर पेटत असेल तर

आधी डिफ्लेक्टर बघा. रॉडच्या तळाशी मोटरची ज्वाळा अडवायला जो पत्रा लावतात तो. आमचा पत्रा सपाट होता, वर्कशॉपमधून कापून आणलेला गोल तुकडा. सपाट पत्र्यावर ज्वाळा आदळली की ती थाळीत पाणी पडावं तशी चारी बाजूंना पसरते, आणि वारा तिची एक बाजू ओढून लांब नेतो. शिवाय या लहान मोटरी काळ्या दारूच्या असतात, आणि ती जळताना जे बाहेर पडतं त्यातला निम्म्याच्या आसपास भाग वायू नसून तापलेले बारीक घन कण असतात. वायू हवेत विरतो. कण विरत नाहीत, ते उडून पडतात. ओल्या वर्तुळाच्या पलीकडं पडले की झालंच.

उपाय स्वस्त आहे. पत्रा ४५ अंशांत वाकवा, म्हणजे झोत एकाच बाजूला जाईल, आणि ती बाजू तुम्ही ठरवाल. आम्ही ती वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवतो, तिथं दोन ओली पोती अंथरतो आणि पोत्यांवर जुन्या घमेल्यात बोटभर माती. पत्रा जमिनीपासून वीतभर तरी उंच हवा.

मोटर पेटवणारी विजेची तार, म्हणजे इग्नायटर, हाही इथलाच गुन्हेगार. रॉकेट गेलं की तो वीज देणाऱ्या क्लिपांना लोंबकळत राहतो, कधी गळून पडतो, आणि सगळ्यांच्या माना आभाळाकडं असतात. एकदा मी मुद्दाम रॉकेटाकडं न बघता पॅडकडं बघत उभा राहिलो. (पोरांना हे फार विचित्र वाटलं.) उडाल्यावर जळकी तार घरंगळत पत्र्याच्या कडेवरून खाली आली, एका कुसळीच्या झुबक्यात अडकली आणि काहीच झालं नाही. मी मनात वीसपर्यंत मोजले असतील. मग झुबक्याच्या बुडाशी एक काळा ठिपका दिसला आणि तो पसरायला लागला. ज्वाळा दिसलीच नाही. सकाळच्या लख्ख उन्हात गवताची लहान ज्वाळा डोळ्यांना दिसत नाही, दिसते ती फक्त काळी होत जाणारी कड आणि तिच्यावर थरथरणारी हवा. त्या दिवसापासून आमच्यात एक पोरगं 'जमीनवाला' असतं. त्यानं उड्डाण बघायचं नाही. पाळी पाळीनं, म्हणून भांडणं होत नाहीत.

आणि जागाच बदलता आली तर सगळ्यात बरं. माळ सपाट, मोकळा, म्हणून सगळे तिकडंच पळतात. पण कोरड्या दिवसांत पॅडला खरी जागा म्हणजे ज्वारी निघाल्यावर नांगरलेलं रान. नुसती काळी ढेकळं. चालताना पाय मुरगळतो, ट्रायपॉड सरळ उभा राहत नाही, पण पेटायला तिथं काही नसतं. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीची जी सुरक्षा संहिता बहुतेक गट वापरतात, तीसुद्धा पॅडजवळ वाळलेलं गवत नसावं असंच सांगते. ते ओलं करून भागेल असं तीत म्हटलेलं नाही. माणसांसाठीचं अंतर तीत वेगळं दिलंय, डी किंवा त्याहून लहान मोटरला साडेचार मीटर, मोठ्यांना नऊ (मोटरींचे गट ए, बी, सी, डी असे वाढत जातात). टायटॅनियमच्या ठिणग्या उडवणाऱ्या मोटरींना तर याच संघटनेची मोठ्या, जास्त ताकदीच्या रॉकेटांची संहिता दीडपट मोकळी जागा मागते. आमचा नियम सोपा आहे, दिवाळीनंतर त्या मोटरी कपाटातच.

रॉकेट पडतं तिथं पेटत असेल तर

ही आग जास्त वाईट, कारण तिथं तुम्ही नसता. दीडशे-दोनशे मीटर धावत जायचं आणि तोवर ती खोलीएवढी झालेली असते.

मोटरीच्या नावातच निम्मं उत्तर असतं. सी६-५ म्हणजे काय? सी हा तिच्या एकूण रेट्याचा गट, ५ ते १० न्यूटन-सेकंदांचा. ६ म्हणजे सरासरी जोर सुमारे ६ न्यूटन. शेवटचा ५ म्हणजे जोर संपल्यावर ५ सेकंद थांबून ती पुढच्या बाजूला छोटा स्फोट करते, त्यानं नाक निघतं आणि पॅराशूट बाहेर पडतं. आता रॉकेट जड असेल तर ते रॉडवरून रेंगाळत निघतं, वाऱ्याकडं तोंड वळवतं आणि कमान करून जमिनीकडं येतं. पाच सेकंद पुरे व्हायच्या आत नाक रानात घुसतं. मग तो छोटा स्फोट होतो जमिनीवर, वाळल्या गवतात. आमच्या वहीतल्या सगळ्यात मोठ्या आगीचं कारण हेच होतं. एका पोरानं हौसेनं रंगाचे चार हात दिले होते आणि नाकात प्लॅस्टिसीन भरलं होतं.

म्हणून वजन करा. सोनाराचा काटा नको, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. सरासरी जोर मोटरसकट वजनाच्या किमान पाचपट हवा. ६ न्यूटनच्या मोटरीला हा हिशोब साधारण १२० ग्रॅमपाशी संपतो, पण मोटरीच्या पाकिटावर त्याहून कमी आकडा लिहिला असेल तर तोच खरा. काठावरचं वजन असेल तर कमी थांब्याची मोटर घ्या. आभाळात थोडं लवकर उघडलेलं पॅराशूट फार तर फाटेल.

दुसरं कारण मोटर सैल बसणं. पकडायला हुक नसेल आणि मोटर नुसती कागदी टेप गुंडाळून दाबलेली असेल, तर तो पुढचा स्फोट नाक ढकलायच्या ऐवजी मोटरलाच मागं फेकतो. गरम कवच एकीकडं, पॅराशूट न उघडलेलं रॉकेट भाल्यासारखं दुसरीकडं. टेप हवेच्या कोरडेपणानं सैल पडते, सकाळी घट्ट बसवलेली मोटर अकरा वाजता बोटानं फिरते. प्रत्येक उड्डाणाआधी ओढून बघा. हुकाचं रॉकेट असेल तर हा प्रश्न सहसा येत नाही.

आणि तिसरं वॅडिंग. इथं आमची सोलापुरी हुशारी आमच्या अंगाशी आली. पॅराशूट जळू नये म्हणून त्याच्या आणि मोटरीच्या मध्ये न जळणारा कागद भरतात. तो महाग पडतो. आमच्यातल्या एकाचे वडील यंत्रमागावर, घरात सुताच्या कचऱ्याची पोतीच्या पोती. टॉवेलच्या कारखान्यातलं मऊ, पांढरंशुभ्र सूत. चिमूटभर भरलं, छान बसलं, पॅराशूटला चटकाही लागला नाही. आम्ही खूश. पण सूत धुमसतं. ते भडकत नाही म्हणून कळत नाही. आभाळातून सुताचा एक गोळा निखारा पोटात घेऊन हळूहळू खाली येतो, आणि पॅराशूटकडं बघणाऱ्या कुणालाच तो दिसत नाही. रॉकेट एकीकडं उतरायचं आणि धूर भलतीकडंच निघायचा, त्याचा उलगडा आम्हाला हा गोळा हातात सापडला तेव्हा झाला. बोटाला चटका बसल्यावर.

वॅडिंग कसलंही घ्या, आधी घरी चाचणी घ्या. चिमट्यात धरून काडी लावा. काडी बाजूला घेतली की ते काळं पडून तिथंच विझलं पाहिजे. कडेला लाल रेघ सरकताना दिसली तर ते वॅडिंग नाही, ती उदबत्ती आहे. साधा टिश्यू पेपर, वर्तमानपत्र, कापूस, सूत, सगळं बाद.

पॅराशूटबद्दल एवढंच. कोरड्या हवेत प्लॅस्टिकचं पॅराशूट स्वतःलाच चिकटतं, घडी घालताना चिमूटभर टाल्कम पावडर लावा. आणि जानेवारीनंतर जमेल तिथं पॅराशूट सोडून फीत वापरा. हिशोब करून बघा: दीडशे मीटरवरून सेकंदाला चार मीटरनं उतरणारं रॉकेट जवळपास ३८ सेकंद हवेत असतं, आणि सेकंदाला पाच मीटरचा वारा असेल तर ते १९० मीटर वाहत जातं. फितीवर ते दुप्पट वेगानं उतरलं तर निम्म्याच अंतरात हाती लागतं. आपल्याला ते आपल्या नजरेत पडायला हवं, शेजारच्याच्या कडब्यात नको.

कडब्याचं निघालंच तर सांगतो. ज्यांच्या रानात आम्ही उडवतो ते अण्णा पहिल्या वर्षी काही बोलले नव्हते. एकदा आमचं पॅराशूट त्यांच्या गंजीपासून पंधरा-वीस पावलांवर उतरलं. ते शांतपणे उठून आले, गंजीवर हात ठेवून म्हणाले, "सर, ह्यो आमच्या चार जनावरांचा वर्षाचा डबा हाय. तुमचं रॉकेट पुन्हा मिळंल." मला काही बोलता आलं नाही. तेव्हापासून वारा कुठलाही असो, पॅड अशा जागी लावतो की गंजी वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहील, आणि दुसऱ्या गंज्या, गोठे, उसाचं पाचट यांची चौकशी करूनच मोटर पोटात घालतो. त्यांच्याच बांधावर बसून भाकरी आणि शेंगाचटणी खायची असते, हेही आहेच.

घरी निघाल्यावर पेटत असेल तर

काळ्या मातीला फेब्रुवारीपासून भेगा पडतात, हात घालावा एवढ्या. ज्वारी कापून नेली तरी धसकटं रानात उभी असतात, त्यांची मुळं त्या भेगांत वाळून कोरडी झालेली. वरची आग पायानं तुडवली, पोत्यानं बडवली, विझली असं वाटतं. निखारा भेगेत उतरलेला असतो. तो अर्धा तास खाली धुमसतो आणि वारा सुटला की दोन हात पलीकडं डोकं वर काढतो. आमच्या बाबतीत हे दोनदा झालं. दुसऱ्यांदा आम्ही एसटीच्या थांब्यावर पोचलो होतो.

त्यामुळं तुडवणं हे विझवणं नाही. धसकट उपटा, त्याच्या बुडाशी पाणी ओता, उलट्या हातानं जमीन चाचपा. गरम लागतेय? अजून ओता. शेवटच्या उड्डाणानंतर अर्धा तास कुणी हलायचं नाही, डबे तेव्हाच उघडायचे.

पाण्यासाठी कॅनपेक्षा पाठीवरचा फवारणी पंप कितीतरी बरा. सोळा लिटर पाणी, हवं तिथं, हवं तेवढं. गावात कुणाकडूनही मिळतो. फक्त तणनाशकाचा पंप घेऊ नका, दुसऱ्याच्या पिकाचं वाटोळं होईल. सोबत चार ओली पोती, एक फावडं आणि कडुनिंबाच्या दोन पानेरी फांद्या. आग बडवताना फांदी उचलून आपटायची नाही, त्यानं ठिणग्या उडतात. दाबून काळ्या बाजूकडं ओढायची. आटोक्यात येत नाही असं वाटलं की पोरांना आधी जळून गेलेल्या किंवा नांगरलेल्या जागेत न्या आणि १०१ लावा. लाज वाटून दहा मिनिटं घालवू नका.

वेळ, वारा आणि न पेटणारी मोटर

सकाळी सात ते नऊ. बारीक गवत हवेतला ओलावा तासाभरात घेतं आणि तासाभरात सोडतं, त्यामुळं तेच रान सकाळी आणि दुपारी दोन वेगळी रानं असतात. दहानंतर वावटळी उठतात, त्या पॅराशूटही नेतात आणि निखाराही. संहितेत वाऱ्याची मर्यादा ताशी ३२ किलोमीटर आहे. कोरड्या दिवसांत मी निम्म्यावरच आवरतं घेतो, आणि कुणी "एकच उडवू या ना सर" म्हटलं की हमखास आवरतो.

बटण दाबलं आणि मोटर पेटली नाही, तर कोरड्या रानात दुहेरी पंचाईत होते. सुरक्षा किल्ली काढून एक मिनिट थांबायचं, मगच जवळ जायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण इग्नायटर बदलेपर्यंत भिजवलेलं गवत पुन्हा वाळतं. मार्चमधल्या उन्हात आमचं विसाव्या मिनिटाला कुरकुरायला लागतं. दुसऱ्या प्रयत्नाआधी पुन्हा फवारा. बहुतेक वेळा दोष क्लिपांच्या काजळीत असतो, पॉलिश पेपरनं घासा. नाहीतर दोन्ही क्लिपा एकमेकींना किंवा पत्र्याला टेकलेल्या असतात.

मोटरी ठेवायची जागा मात्र गांभीर्यानं घ्या. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत ठेवलेली मोटर रोज तापते, रोज थंड होते, आणि आतली दारू व कवच यांच्यात बारीक फट पडते. पेटवल्यावर आग त्या फटीतून शिरते आणि मोटर पॅडवरच फुटते. तापलेली मोटर वापरू नका, नुसती ती वरून चांगली दिसते म्हणून तर नाहीच. आमच्या मोटरी फरशीच्या घरात, जमिनीलगतच्या कपाटात, तूप-लोणच्यापासून दूर असतात.

आणि घरी मोटर बनवायचा विचारही नको. १९५७ मध्ये ऑर्व्हिल कार्लाइल आणि जी. हॅरी स्टाइन या दोघा अमेरिकनांनी हा छंद उभा केला तो याच मुद्द्यावर: दारू भरण्याचं काम पोरांनी करायचं नाही, मोटर तयार मिळायला हवी आणि ती लांबून विजेनं पेटवायची. आपल्याकडं त्यावर १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम आहेत, ते राबवणाऱ्या खात्याचं मुख्य कार्यालय तर नागपुरातच आहे. मोटर कायदेशीर विक्रेत्याकडूनच घ्या, रानमालकाला आणि पोलीस ठाण्याला आधी सांगा. होटगी रोडच्या विमानतळाच्या आसपास नको. नान्नजकडचं माळढोक अभयारण्य तर नकोच नको, तिथलं गवत हेच त्या पाखरांचं घर.

एप्रिल-मे

या दोन महिन्यांत आम्ही दारूची मोटर लावतच नाही. पाण्याची रॉकेटं उडवतो. दोन लिटरची सोड्याची बाटली, एक तृतीयांश पाणी, सायकलच्या पंपानं चार बार दाब, आणि दहा मीटर लांबून दोरी ओढायची. सोड्याचीच बाटली घ्या, पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली फुटते. ओरखडा पडलेली फेकून द्या. उंची कमी मिळते, पण पोरं भिजतात आणि बेचाळीस अंशांत त्यांना तेच हवं असतं.

फक्त आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. म्हणून पॅड आता अण्णांच्या नव्या कडुनिंबाच्या आळ्यात लावतो. बाटलीतून उडालेलं पाणी निम्मं तरी त्याच्याच बुडात पडतं.